जमाखर्च : विजेच्या गाडीचा पाच वर्षांचा ताळेबंद



गेल्या महिन्यात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून ओसरीवर बसलो असता धाकटा पुतण्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आला. त्याचे येथे रिठदला धान्याचे आडत दुकान आहे. वाशीम, रिसोड, हिंगोली अशा फेऱ्या चालू असतात, दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर होतात. डिझेलची गाडी अकरा वर्षांची झाली. "काकाजी, आता विजेची घ्यावी म्हणतो. तुमच्याकडे आहेच. घेऊ का?"

प्रश्न साधा होता, परंतु वेळ साधी नव्हती. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेल्या हंगामातही बाजारात त्याहून खालीच सौदे झाले, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला म्हणजे आडत्याची उधारीही वसूल होत नाही. गोदामाच्या नव्या छपरासाठी राखून ठेवलेली रक्कम गाडीच्या पहिल्या भरण्याला घालावी, असा त्याचा विचार होता. ‘घे’ किंवा ‘घेऊ नको’ असे एका शब्दात सांगून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. मी त्याला म्हटले, "चार दिवस थांब. माझी वही काढतो."

बँकेच्या नोकरीत मी वाहनकर्जाच्या शेकडो प्रस्तावांवर सह्या केल्या. त्या अर्जांत गाडीची किंमत असे, हप्ता असे, जामीनदाराचे उत्पन्न असे. सहाव्या वर्षी ही गाडी कोणत्या अवस्थेत असेल, हा रकाना मात्र कोठेच नव्हता. निवृत्तीनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, विजेची गाडी घेतली तेव्हा तो रकाना मी स्वतःच एका वहीत आखला. त्या वहीत आजवर ७८,००० किलोमीटरची नोंद आहे.

प्रथम जमेची बाजू सांगतो, कारण ती थोडक्यात सांगता येते. इंजिन ऑइल, त्याची गाळणी, क्लच, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर यांपैकी काहीही या गाडीत नाही, त्यामुळे त्यांचा खर्चही नाही. गाडीचा वेग कमी करताना मोटरच उलट वीज निर्माण करते व ब्रेकवरचा भार हलका होतो, म्हणून ब्रेक पॅड अद्याप पहिलेच आहेत. घरच्या मीटरवर मोजल्यास एका युनिटात साडेसहा किलोमीटर पडतात. गाडीचा पडदा सात-साडेसात दाखवतो, पण चार्जिंग होताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, ती पडद्याला दिसत नाही. बिल मीटर देतो, पडदा देत नाही. ७८,००० किलोमीटरला सुमारे १२,००० युनिटे लागली. युनिट सरासरी १० रुपयांचे धरले तर १,२०,००० रुपये होतात. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या डिझेल गाडीने तेवढ्याच अंतराला ४,३३० लिटर प्यायले असते, म्हणजे ९२ रुपयांच्या भावाने चार लाखांच्या घरात. फरक दोन लाख ऐंशी हजारांचा. पुतण्याचे डोळे येथेच चमकले. मी म्हटले, ही रोजकीर्द झाली, खतावणी अजून बाकी आहे.

खर्चाच्या बाजूला पहिले नाव टायरांचे. बॅटरीच्या वजनाने गाडी जड असते आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. माझे ४१,००० वर बदलावे लागले. आपल्याकडच्या रस्त्यांनी पुढच्या चाकांचे बुश व लिंक दोनदा खाल्ले. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, एसीची गाळणी दर वर्षी. ब्रेक कमी वापरले जातात याची एक उलट बाजूही आहे : पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की डिस्कवर गंज धरतो व कॅलिपर अडकतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार वेळा जोराने ब्रेक दाबावा, एवढाच त्यावर उपाय. हे सर्व किरकोळ आहे. खरा अनुभव ज्या तीन गोष्टींनी दिला त्यांपैकी एकही माहितीपत्रकात नव्हती.

पहिली गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. रात्री अडीचच्या सुमारास सौ.च्या छातीत कळा येऊ लागल्या. घाम फुटला, बोलवेना. अकोल्याला न्यायचे म्हणून मी किल्ली घेऊन धावलो. किल्लीचे बटण दाबले तर गाडी उघडेना. किल्लीच्या पोटातली धातूची लहान चावी काढून दार उघडले, तर आत पडदा काळा, दिवा नाही, आवाज नाही. आदल्या संध्याकाळीच मी मोबाईलवर पाहिले होते : बॅटरी ७४ टक्के. दीडशे किलोमीटर पळेल एवढी वीज पोटात असलेली गाडी अंगणात दगडासारखी उभी होती. अखेर शेजारच्या पाटलांनी आपली डिझेलची जीप काढली आणि आम्ही निघालो. पहाटे डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाला काही नाही, पित्ताशयातल्या खड्यांची कळ आहे. पुढे शस्त्रक्रिया झाली, सौ. ठणठणीत आहेत. पण त्या सबंध वाटेत मी मनाशी एकच हिशेब करत होतो, आणि तो पैशांचा नव्हता.

दोष कशात होता? विजेच्या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक जमिनीलगतची मोठी, जिच्यावर गाडी पळते. दुसरी बारा व्होल्टची लहान, साध्या मोटारीत असते तशीच. दारांची कुलुपे, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा विद्युत-खटका, हे सर्व लहान बॅटरीवर चालते. ती मेली की खटका मिटत नाही, आणि मोठ्या बॅटरीतली वीज तिजोरीत बंद पडते. डिझेल गाडीत ही बॅटरी उतरू लागली की सकाळी स्टार्टर कण्हतो, चार दिवस आधी सूचना मिळते. येथे कण्हायला स्टार्टरच नाही, सूचनाही नाही. आमची लहान बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यात होती, आणि गाडी नऊ दिवस उभी होती. मोबाईलला माहिती पुरवणारे यंत्र त्या नऊ दिवसांत थोडीथोडी वीज ओढतच होते.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतल्या एका मुलाने फोनवर सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार लहान बॅटरीला लावली आणि गाडी जागी झाली. दोन मिनिटे लागली. रात्री अडीच वाजता ही दोन मिनिटांची विद्या आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत : जून २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईने आयोनिक ५ या गाडीच्या १,७४४ प्रती परत बोलावल्या, कारण लहान बॅटरी भारित करणाऱ्या यंत्रात दोष असण्याची शक्यता होती. तेव्हापासून मी लहान बॅटरी तीन वर्षे झाली की ती चांगली असली तरी बदलतो, आणि डिकीत हाताएवढा जम्प-स्टार्टर ठेवतो. चातुर्मासात ज्यांच्या घरी गाडी फारशी बाहेर पडत नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा ती अर्धा तास चालू करावी.

दुसरी गोष्ट जमिनीतली. २०२२ च्या एप्रिलमध्ये चार्जरचा दिवा लाल होऊन बसला. वायरमन म्हणाला चार्जर गेला. कार्यशाळेने फोनवर तेच निदान केले. नवा चार्जर आला, तोही लाल. तीन आठवडे मी वाशीमला जाऊन गाडी भारित करून आणत होतो. शेवटी गावातला एक जुना वायरमन आला. त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजला, मान हलवली, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितले. दिवा हिरवा झाला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची ओल जाते, आणि विजेला जमिनीत उतरायला वाट राहात नाही. मिक्सर, पंखा, फ्रीज याची तक्रार करत नाहीत, गाडीचा चार्जर करतो, आणि त्याने करावी हेच योग्य, कारण अर्थ नसलेल्या गाडीला हात लावणारा माणूस धोक्यात असतो. यंत्र खरे बोलत होते आणि आम्ही त्यालाच खोटे ठरवून बदलले. त्यानंतर कोळसा-मीठ भरून योग्य खड्डा केला, वर पाणी घालायची नळी ठेवली. मार्च ते जून दर रविवारी त्यात एक बादली जाते.

त्याच सुमारास पंधरा अँपियरच्या जुन्या सॉकेटचे प्लास्टिक वितळले. इस्त्री दहा मिनिटे चालते, गाडी आठ-नऊ तास सलग तेवढाच प्रवाह ओढते. एक सैल स्क्रू तेवढ्याला पुरतो. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र, जाड तांब्याची तार, स्वतंत्र खटका आणि गळती ओळखणारा आरसीसीबी हवाच. महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा. गाडी लाखो रुपयांची आणि सॉकेट दोनशेचे, हा व्यवहार कोणत्याही पेढीला शोभणारा नाही.

आता मोठ्या बॅटरीकडे येतो. लोक पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारतात, आणि गंमत अशी की तिने मला सर्वांत कमी त्रास दिला. नवी असताना एसी लावून, सावकाश चालवून २१० किलोमीटर मिळत. कागदावरचा आकडा तीनशेच्या वर होता, पण तो प्रयोगशाळेतला. आज १८८ मिळतात. म्हणजे पाच वर्षांत दहा टक्क्यांहून किंचित अधिक घट. जिओटॅब या वाहन-माहिती संस्थेने २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून वर्षाला सरासरी १.८ टक्के घट सांगितली होती. आपल्या उन्हाळ्याचा विचार करता माझी बॅटरी त्या मानाने बरी म्हणावी लागेल.

बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते : वापराने आणि वयाने. वापराचा हिशेब सर्वांना समजतो, वयाचा समजत नाही. उष्णतेत, आणि त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेत उभी राहिलेली बॅटरी न चालता झिजते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स हे शहर आहे, तेथला उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच निर्दय. निसान लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्यात बॅटरी थंड करणारे द्रव फिरत नव्हते. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्सच्या मालकांच्या लक्षात आले की क्षमतेच्या बारा कांड्यांपैकी काही दोन वर्षांच्या आतच गळाल्या आहेत. तक्रारी वाढल्या, आणि पुढे कंपनीला पाच वर्षे अथवा ६०,००० मैलांपर्यंत क्षमता नऊ कांड्यांच्या खाली न जाण्याची हमी द्यावी लागली. तेव्हा वाशीम-अकोल्याकडच्या माणसाने विकत घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हाच : बॅटरी द्रवाने थंड होते काय? दुसरा प्रश्न तिच्या रसायनाचा. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी, जी एलएफपी नावाने ओळखली जाते, उष्णतेला अधिक स्थिर असते आणि अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. तिला अधूनमधून शंभर टक्के भरावे लागते, नाहीतर तिचा संगणक शिल्लक मोजण्यात चुकतो. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीला मात्र रोज शंभर टक्के भरणे मानवत नाही. तिला ऐंशीवर थांबवणे बरे.

माझी स्वतःची पथ्ये अशी झाली. उन्हातून आल्याआल्या गाडी जोडत नाही, पहाटे चारला सुरू होईल अशी वेळ लावतो. पत्र्याच्या शेडमधून गाडी काढून निंबाखाली आणली. पत्र्याखाली मे महिन्यात जे तापते ते गोदाम असलेल्यांना सांगायला नको. जलद चार्जरचा उपयोग प्रवासापुरताच. नागपूरला जाताना मालेगावजवळ समृद्धीवर चढलो की ऐंशीच्या वर फारसा जात नाही. शंभर-एकशेवीसने पळवल्यास अंतर इतक्या भराभर घटते की टोलमाफीचा आनंद पुढच्या चार्जिंगच्या रांगेत विरतो. (२०२५ च्या राज्य धोरणात विजेच्या मोटारींना या मार्गावर टोलमाफी जाहीर झाली, हे वाचकांना ठाऊक असेलच.)

आगीविषयी घरोघरी भीती असते, विशेषतः धान्य आणि बारदान शेजारी असताना. मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला, जूनमध्ये वसईत एका मोटारीने. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे सुरक्षा-निकष कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने उत्पादनाची तारीख पाहावी. आणि गाडी गोदामाच्या आत भारित करू नये, एवढे तरी कोणत्याही गाडीला लागू आहे.

तिसरी गोष्ट ऐकून काही वाचक हसतील. उंदीर. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि त्याला नारिंगी वेष्टनाच्या तारा का आवडतात हे तोच जाणे. २०२४ च्या दिवाळीत चार्जिंगच्या तोंडाशी असलेली एक बारीक संदेशवाहक तार कुरतडली गेली. तार नखाएवढी, पण ती सुटी मिळत नव्हती. संपूर्ण जुडगा मागवावा लागला, गाडी चाके उचलून मालमोटारीवर अकोल्याला न्यावी लागली (विजेच्या गाडीची चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेता येत नाही), आणि एकोणीस दिवस गेले. विमा कंपनीने वाद घातला, शेवटी निम्मे दिले. आपल्या घरात विष ठेवले जात नाही, आणि ठेवू नयेच. मी गाडीखाली बारीक जाळी बसवून घेतली, बारदानाचा ढीग दूर केला, पिंजऱ्यात सापडलेले पाहुणे नाल्यापलीकडे सोडून येतो. ते परत येत असावेत असा सौ.ना संशय आहे.

उरला कागद. बॅटरीची आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटरची हमी माझ्याकडे आहे. आता काही कंपन्या ‘आजीवन’ म्हणतात. परंतु या ‘जीवना’ची व्याख्या आतल्या पानावर बहुधा पंधरा वर्षे अशी असते, आणि हमी पहिल्या खाजगी मालकापुरती असते. गाडी विकली की दुसऱ्या मालकाला मर्यादित हमी मिळते. पेढीच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी येथे थांबून वाचावे, कारण ‘खाजगी’ या एका शब्दावर सर्व अवलंबून आहे. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर हमी लागू होते, ती कोणत्या यंत्राने मोजायची, एक सर्व्हिस बाहेर झाली तर काय, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. मी दर वर्षी सर्व्हिसच्या वेळी बॅटरीच्या आरोग्याचा टक्का छापील मागतो. पहिल्या दोन वर्षी ‘असे देत नाही’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी मी खुर्चीवरून उठलो नाही, तेव्हा मिळाला.

विकताना काय, हे मला सर्वांत कमी आवडलेले पान. पाचव्या वर्षी सहज विचारणा केली, तर मूळ किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या खालचा भाव आला. डिझेल गाडीला याहून अधिक येतो. खरेदीदार चुकत नाही : त्याला आत उरलेली बॅटरी दिसत नाही, म्हणून तो भीतीची किंमत कापून घेतो. त्याच छापील टक्क्याच्या कागदावर मला पुढे थोडेफार अधिक मिळेल अशी आशा आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने जुनी गाडी विकल्यास नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर आहे. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेर परिषदेनंतर विजेच्या गाड्याही त्यात आल्या. घसारा घेतला असेल तर फरक लेखी किमतीवरून मोजतात. कर्जाच्या व्याजावरची कलम ८०ईईबीची दीड लाखांपर्यंतची वजावट मात्र ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. पुतण्याला कोणी ती दाखवून भुलवले असेल तर ते जुने झाले.

चौथ्या दिवशी मी त्याच्यासमोर वही ठेवली आणि शेवटचे पान उघडले. डिझेलचे जे वाचले ते मी खर्च केलेले नाही. पहिल्या महिन्यापासून ४,००० रुपयांचे आवर्ती खाते आहे, त्याला मी मनाशी ‘घसारा निधी’ म्हणतो. पाच वर्षांत २,४०,००० भरले, व्याजासह पावणेतीन लाखांच्या पुढे गेले. हमी संपल्यावर बॅटरी गेली, तर अख्खी बदलावी लागेलच असे नाही. अनेकदा एकच कमजोर भाग सगळ्यांना मागे खेचतो, आणि तेवढाच बदलता येतो. बॅटऱ्यांचे जागतिक सरासरी भावही उतरत आहेत, २०२४ मध्ये ते किलोवॅट-तासाला सुमारे ११५ डॉलरवर आले होते, जरी कार्यशाळेतल्या बिलात तो भाव कधी दिसत नाही. जे व्हायचे ते होवो, पैसे तयार आहेत. ज्याने वाचलेले डिझेल दर महिन्याला खाऊन टाकले, त्याची बचत ही बचत नसून आठव्या वर्षाकडून घेतलेली उचल आहे.

"मग घेऊ की नको?" त्याने पुन्हा विचारले.

मी म्हटले, तुझी रोजची साठ-सत्तर किलोमीटरची धाव या गाडीला अगदी योग्य आहे. पण छपराचे पैसे काढू नकोस. छप्पर आधी. भरणा दिवाळीनंतर कर, आणि जुनी डिझेल गाडी विकू नकोस. किंमत फारशी येणार नाही, आणि घरात आई आहे. नावावर घेताना पेढीच्या की स्वतःच्या, ते हमीपत्र समोर ठेवून ठरव. आणि आवर्ती खाते पहिल्या हप्त्याच्याच दिवशी.

तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा थोडा उतरला होता हे खरे, माहितीपत्रकातली गाडी लाल होती आणि दिवाळी लांब होती. परंतु गेल्या रविवारी सकाळी गोदामामागे खोदण्याचा आवाज आला म्हणून गेलो, तर तो जुना वायरमन खड्ड्याशेजारी बसून कोळसा फोडत होता आणि पुतण्या मिठाचे पोते ओढत होता. छपराचे पत्रेही बाजूला येऊन पडले होते. घरी येऊन सौ.ना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, त्या लहान बॅटरीचे त्याला नीट सांगितलेत ना.